आत्याचे पाय टेकेनात

माणसाची मांडी किती लांब असते, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. ट्रकची मापं मात्र मला झोपेतून उठवून विचारा. मी ड्राफ्ट्समन आहे. भिवंडीजवळ वळ, दापोडे आणि त्या सगळ्या पट्ट्यात जी गोडाऊनं उभी आहेत, त्यांतल्या निदान पावणेदोनशे गोडाऊनांचे नकाशे माझ्या हातचे आहेत. पावणेदोनशे म्हटलं की लोक आदरानं बघतात, म्हणून पुढचं मी सहसा सांगत नाही. पुढचं असं, की मी एकच गोडाऊन पावणेदोनशे वेळा काढलेलं आहे. जुनी फाइल उघडायची, मालकाचं नाव बदलायचं, लांबी-रुंदी ओढायची आणि सेव्ह करायची. माझी बायको धम्मदिना आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. ती म्हणते, "तुम्ही नकाशे काढत नाही, नावं बदलता." लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर अशा बोलण्याकडे दुर्लक्ष करता येतं.

आमच्या वस्तीत समाजमंदिर व्हायचं ठरलं, तेव्हा नकाशाचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. जागा माझ्या शांताआत्यानं दिली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण, वस्तीतली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. घरामागे तिचा भाजीचा तुकडा होता, तो तिनं एका वाक्यात देऊन टाकला. कारणही एका वाक्याचं होतं. संध्याकाळी वस्तीतल्या बायका रस्त्याकडेच्या मोरीवर गप्पा मारत बसतात आणि समोरून कंटेनर जातात. आत्या म्हणाली, "धूळ न खाता, पाय टेकून बसाला एक जागा पायजे. बाकी तुमी काय बांधाचं ते बांधा." तिच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारलेला आहे, त्यामुळे बसणं हा तिच्या दृष्टीनं फार गंभीर विषय आहे.

नकाशा मी एका दुपारी हातावेगळा केला. समाजमंदिर कमिटीचे अध्यक्ष वाल्मीकदादा. दादा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, पण वेळेवर सुटायचं वेड अजून गेलेलं नाही. त्यांनी मला मोटरसायकलवर मागे बसवून नकाशा कचेरीत दाखल केला. कोणती कचेरी ते सांगत नाही, मला अजून तिथं जावं लागतं.

कचेरीतल्या भाऊसाहेबांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला.

"नकाशा ठीक आहे. पण लाभार्थी कुठायत?"

"वस्तीत आहेत," दादा म्हणाले.

"वस्तीत नको, चित्रात पाहिजेत." भाऊसाहेबांनी एक परिपत्रक पुढे सरकवलं. इमारतीचं रंगीत थ्रीडी चित्र जोडावं, त्यात लाभार्थी इमारतीचा वापर करताना दिसावेत, एकूण आठ, पैकी महिला निम्म्या आणि ज्येष्ठ नागरिक किमान दोन. फाइल महिनाअखेरीला वर जाणार. तोवर चित्र नसेल तर समाजमंदिर पुढच्या वर्षी.

"हे थ्रीडी तुला येतं ना?" दादांनी तिथंच, भाऊसाहेबांच्या देखत विचारलं. अशा वेळी स्वाभिमानी माणूस काय म्हणणार? मी म्हणालो, "त्यात काय!"

त्यात बरंच काही होतं. इमारत उभी करणं सोपं गेलं, कारण ती चौकोनी असते. रेंडर नावाचा प्रकारही समजला. आपण कॉम्प्युटरला हुकूम सोडायचा आणि मग तो एकेक ठिपका रंगवत बसतो, आपण चहा घ्यायचा. माणसंसुद्धा प्रोग्राममध्ये तयार मिळतात. फक्त त्यांतलं एकही भिवंडीकडचं नव्हतं. कुणी हातात कॉफीचा कप धरून उभा, कुणी सायकलला टेकलेली, एकजण तर कुत्रा घेऊन आलेला. सगळ्यांचे पाय छातीपासून सुरू झाल्यासारखे. मी त्यातल्या त्यात सभ्य दिसणारे आठ निवडले आणि चित्र नेऊन दिलं.

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "हे परदेशी लाभार्थी आहेत. योजनेत बसत नाहीत. आणि हा कुत्रा कुणाचा?"

मी कुत्र्यासकट चित्र परत आणलं.

मग मी ठरवलं की वस्तीतलीच आठ माणसं बनवायची. याच प्रोग्राममध्ये शरीराच्या प्रत्येक अवयवासाठी एकेक पट्टी असते. ती सरकवली की मांडी लांबते, मान आखडते, खांदे रुंदावतात. पहिला मान अध्यक्षांचा. तयार माणसाला पांढरा शर्ट चढवला, मिशी दिली आणि पायांची पट्टी खाली ओढून दादांइतके पाय केले. हातांचीही वेगळी पट्टी असते, हे मला नंतर कळलं. तोवर चित्र वस्तीच्या ग्रुपवर गेलं होतं आणि त्यात दादांचे पंजे गुडघ्यांच्या खाली लोंबत होते.

दादांनी ते मनाला लावून घेतलं नाही. "आजानुबाहू म्हणतात याला. थोरामोठ्यांचं लक्षण आहे. राहू दे," म्हणाले. पण शेजारच्या मिथुननं खाली लिहिलं, "हा हात नोकरीत असताना असता तर दादांनी ड्रायव्हरजवळ उभं राहून शेवटच्या सीटचं तिकीट फाडलं असतं." त्यावर एकशे बारा जणांनी हसरे चेहरे टाकले आणि दादांनी मला फोन करून हात कमी करायला सांगितलं.

त्या दिवसापासून आमच्या घराची ओसरी म्हणजे शरीराच्या तक्रारींचं कार्यालय झालं. मिथुन व्यायामशाळेत जातो. त्याला छाती चार इंच वाढवून हवी होती. "आत्ता नाय, पण इमारत होईपर्यंत होणारच आहे," हा त्याचा युक्तिवाद. संघरत्ना स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, म्हणून तिला समाजमंदिरातल्या वाचनालयाच्या खिडकीशी पुस्तक घेऊन उभं केलं होतं. तिची मागणी पुस्तक जाड कर आणि मला बारीक कर, अशी. ज्यांचं नाव आठांत नव्हतं तेही येऊन आठांतल्या बाकीच्यांबद्दल सूचना करून जात. "मिथुनचं डोकं एवढं मोठं नाय हां," असं सांगायला एक गृहस्थ खास गणेशपुरीहून आले होते. ते त्याचे मामा निघाले.

यात माझ्या हातून एक घोडचूक झाली. आठांत धम्मदिना होतीच. सगळ्यांच्या पट्ट्या सरकवल्या, पण बायकोच्या पट्ट्यांना हात लावायचा धीर मला झाला नाही. साडी नेसवली आणि तयार बाई होती तशीच ठेवली.

"अहो, ही कोण बाई?" धम्मदिनानं विचारलं.

"तू."

"माझी कंबर कधी बघितलीत तुम्ही?"

या प्रश्नाला हो म्हटलं तरी धोका आणि नाही म्हटलं तरी धोका. मी कॉम्प्युटर गरम झालाय का, ते हात लावून पाहू लागलो. धम्मदिना मात्र उपकेंद्रात रोज पोरांची वजन-उंची घेणारी बाई. तिनं सरळ टेप काढली. "अंदाजपंचे चाललंय सगळं. रविवारी आठही जणांची मापं घेते. असतील तशी भरा."

रविवारी सकाळी वाल्मीकदादांच्या घराच्या भिंतीशी रांग लागली. पुरुष एकजात टाचा उचलत होते आणि धम्मदिना त्यांच्या डोक्यावर वही दाबून त्यांना जमिनीवर आणत होती. मिथुननं श्वास भरून घेतला, तेव्हा तो सोडेपर्यंत तिनं चक्क वाट पाहिली. दादा पाच फूट सहा भरले.

"आठ आहे," दादा म्हणाले. "सर्व्हिस बुकात लिहिलंय."

"मग दोन इंच डेपोत राहिले असतील," धम्मदिना म्हणाली.

आत्या भिंतीला पाठ लावून सरळ उभी राहिली. चार फूट सात. "हाय तेवढीच हाय," ती म्हणाली, "आणि नाग्या, मला बसलेली काढ. उभं राहून राहून पाय गेले माझे, फोटोत तरी बसू दे."

मी खरी मापं भरली आणि रेंडर लावला. चित्र मी कमिटीच्या बैठकीत ठेवलं. आठही माणसं दारासमोर खेळण्यातल्या बाहुल्यांएवढी दिसत होती. संघरत्ना जिच्याशी वाचत उभी होती ती खिडकी तिच्या डोक्याच्या वर सुरू होत होती. "नागसेन," दादा म्हणाले, "तीस वर्षं मी नुसत्या नजरेनं हाफ तिकीट ओळखलंय. या चित्रात सगळीच हाफ तिकिटं आहेत. आम्ही एवढे बुटके आहोत का?"

"मापात काही चूक नाही," धम्मदिना म्हणाली.

"मग चित्रात आहे," दादा म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कलेवर शंका घेतली जात होती, पण इमारतीवर शंका घ्यायचं कुणाच्याच मनात आलं नाही, माझ्याही नाही. आमच्या भागात चारी बाजूंना गोडाऊनं आहेत. ती जेवढी असतात तेवढीच इमारत असते, अशी आमची नजर झालेली आहे.

तेव्हा मी माणसं वाढवली. वीस टक्के. दादा सहा फूट सातच्या वर गेले, संघरत्ना सहा फूट पार करून गेली आणि सगळी वस्ती समाधानी झाली. मिथुन तर चित्र बघून आठवडाभर ताठ चालत होता.

अडचण फक्त आत्याची झाली. तिला इमारतीपुढच्या ओट्याच्या कडेला बसवलं तर पाय हवेत लोंबायचे, झोपाळ्यावर बसवलेल्या मुलीसारखे. मी नडगीची पट्टी ओढली. पाय जमिनीला लागले, पण आत्याचा बगळा झाला. ते तिला दाखवायची चूक मी केली.

"हे पाय माझे न्हाय," आत्या म्हणाली.

"आत्या, त्याशिवाय टेकत नाहीत गं."

"मंग टेकतील असं कर. माझे पाय कशाला ओढतोस?"

मी तिला उभी केली. निदान इतरांसारखी वीस टक्के वाढवू का, म्हणून विचारलं, तर ती उखडलीच. "मला वाढवू नको. साठ वर्षं याच उंचीवर काढली मी. हाय तेवढीच दिसली पायजे." आता सहा-साडेसहा फुटांच्या मंडळींत ती एकटीच चार फूट सात. शेवटी मी तिच्या पायांखाली गुपचूप एक पाट सरकवला आणि साडीचा घेर जमिनीपर्यंत ओढून तो झाकला. आत्याला मोतीबिंदू आहे, पण पाट तिला दिसला. तो काढावा लागला.

चित्र कचेरीत गेलं. भाऊसाहेबांनी पेनाच्या टोकानं एकेक लाभार्थी मोजला आणि मान हलवली. "ज्येष्ठ नागरिक एक कमी आहे. बालक एक जास्त आहे. बालक या योजनेत येत नाही."

"ते बालक नाही, माझी आत्या आहे! तिनंच जागा दिलीये!"

"तसं दिसत नाही," भाऊसाहेब म्हणाले आणि फाइलवर लिहिलं. बाकी ते भले गृहस्थ. जाताना एवढं म्हणाले, की मेघाली मॅडम नावाच्या इंजिनिअर रविवारी जागा बघायला येणार आहेत, त्या आत्या ज्येष्ठ नागरिक आहेत, असं त्यांच्याकडून जागेवरच लिहून घ्या.

ही बातमी मी घरात हळूच सांगणार होतो. पण दादा बरोबर होते आणि दादांचा आवाज अजून एसटीतलाच आहे. आत्याच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "शांताबाई, सरकारनं तुम्हाला बालक ठरवलंय!"

आत्या हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तांदूळ निवडत होती, ते तसेच निवडत राहिली. मग म्हणाली, "जागा माझी. तिच्यात मलाच बसाला जागा न्हाय. पाय टेकत न्हाईत, उभी केली तर पोर दिसते. राहू दे नाग्या, काढून टाक मला त्यातून. दुसरी कोन उंच बाई घाल." एवढ्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी तिचं चित्र निवडलं, पुसायचं बटण दाबायला बोट नेलं आणि ते दाबलं नाही. सहा फुटांचे सात खोटे लोक ठेवायचे आणि एक खरी बाई पुसायची, हे माझ्यासारख्या नावं बदलणाऱ्यालाही जमेना.

रविवारी आत्याच्या जागेत मांडव घातला होता. माझं चित्र, माणसं पूर्ण मापाची दिसतील एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर छापून दोन बांबूंना ताणलं होतं. वस्ती जमली. मेघाली मॅडम आल्या, दादांनी त्यांना बुके दिला आणि आत्या सोडून चित्रातले सातही जण आपापल्या चित्राजवळ उभे राहिले. त्यामुळे उंचीतला फरक सगळ्यांच्या नजरेत भरला. मॅडमनी एकदा चित्रातल्या दादांकडे पाहिलं, एकदा समोरच्या दादांकडे, आणि त्या खोकल्या.

आत्या येणार नाही म्हणाली होती, पण आली. काठी टेकत सरळ फ्लेक्सपाशी गेली आणि नाकाजवळ नेऊन बघावं तसं बघत राहिली. मग वळून म्हणाली, "धम्मे, यात मी केवढी हाय?"

"चार फूट सात. मी स्वतः मोजलंय, आत्या."

"म्हंजे मी बरोबर हाय?"

"तुम्ही एकट्याच बरोबर आहात."

आत्यानं काठीचं टोक चित्रातल्या ओट्यावर ठेवलं. "हा ओटा माझ्या छातीला लागतो. बरोबर? मी वीस वर्षं गोडाऊनच्या गाळ्यात पॅकिंगला होते. ड्युटीवर आले का डबा ओट्यावर ठेवाला हात असाच वर कराला लागायचा." तिनं छातीशी हात धरून दाखवला. "मी काय ओळखत न्हाय काय? हा गाळ्याचा ओटा हाय. मागं ट्रक लावून माल उतरवतात तो. नाग्या, समाजमंदिरात कुठला ट्रक लावणार हायस तू?"

माझ्या कानांत यंत्रमाग चालू झाल्यासारखं झालं. मॅडमनी माझा नकाशा उलगडला. "जोतं साडेतीन फूट," त्या वाचू लागल्या. "दरवाजा बारा फूट. पायऱ्या चार, प्रत्येकी साडेदहा इंच. खिडक्या सहा फुटांवर सुरू." मग त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "आणि इथं कोपऱ्यात 'डॉक नंबर दोन' असं लिहिलंय."

डॉक म्हणजे ट्रक लावायचा धक्का. ते पुसायचं राहून गेलं होतं. जुनी फाइल मी उघडली होती, नाव बदललं होतं, शटर काढून त्याच भोकात दार बसवलं होतं, आणि ट्रकच्या मापाचं गोडाऊन माणसांना देऊन टाकलं होतं. मग ती माणसं त्यात बसेनात, म्हणून गेले तीन आठवडे मी माणसांनाच ताणत होतो.

"म्हणजे," दादा सावकाश म्हणाले, "आम्ही बुटके नव्हतो?"

कुणीतरी फिस्स केलं आणि मग सगळा मांडव हसायला लागला. मिथुन तर खाली बसून हसत होता. धम्मदिनाही हसत होती, आणि 'नावं बदलता' हे शब्द न उच्चारण्याचं मोठेपण तिनं दाखवलं. मला जमिनीत जावंसं वाटत होतं, पण साडेतीन फूट जोतं सोडून जमीन गाठणार कशी! मॅडम म्हणाल्या, "चार दिवसांत दुरुस्त करून द्या. मी पुढे पाठवते."

त्या चार दिवसांत जुनी फाइल मी उघडलीच नाही. कोऱ्या पडद्यावर आधी आत्याला बसवलं, तिचे पाय जमिनीवर टेकवले आणि मग तिच्याखाली कट्टा काढला. तो सव्वा फूट भरला. त्यावरून पायरी ठरली, पायरीवरून जोतं, मग काठी टेकत चढायला उतार, खिडक्या आणि दार. पावणेदोनशे गोडाऊनांनंतर मी आयुष्यातली पहिली इमारत काढत होतो. आत्या शेजारच्या खुर्चीवर बसून देखरेख करत होती आणि दर पाच मिनिटांनी "टेकले का?" म्हणून विचारत होती.

बाकीच्यांना धम्मदिनाच्या मापावर परत आणलं. सात फुटांच्या दारापुढे पाच फूट सहाचे दादा असे काही रुबाबदार दिसू लागले, की त्यांनी मला बाजूला घेतलं. "थोडं वाढवलंस का रे?"

"नाही दादा. दार कमी केलं."

भाऊसाहेबांनी आठ लाभार्थी मोजले, ज्येष्ठ नागरिक बरोबर भरल्याचं पाहिलं आणि शिक्का मारला. "कुत्रा गेला वाटतं," एवढंच म्हणाले. त्यांना तो आवडला होता, असं मला आता वाटतं.

यंदा समाजमंदिर उभं राहिलं. उद्घाटनाची भाषणं आत चालू होती, तेव्हा आत्या बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसली. मी मागोमाग गेलो. तिनं पाय जरा उचलले आणि परत टेकवले. मग आणखी एकदा उचलून टेकवले. सिमेंटवर चपलेचा आवाज झाला. मला भरून आलं, म्हणून मी उताराची लांबी मोजायला गेलो.

दादांनी त्या चित्राला चौकट करून आतल्या भिंतीवर लावलं होतं. आत्या ते बघायला आत आली, मान वर केली, टाचा उचलायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे वळली. सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाग्या, फोटो कुनाच्या मापानं टांगलाय? ट्रकच्या?"

भाषण थांबवून खिळा खाली आणावा लागला. आता चित्र तिच्या डोळ्यांसमोर येईल एवढ्यावर आहे. आमच्या वस्तीत कुणीही पाहुणा आला, की त्याला ते दाखवायला नेतात. मिथुन वाकतो, वाल्मीकदादा गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात, मेघाली मॅडमही आल्या तेव्हा वाकल्या. एकटी आत्या तेवढी सरळ उभी राहून बघते.